डबा पाणी पितो

एका सर्व्हिस रिपोर्टवरची ओळ मला अजून सलते. ‘डब्याच्या तळाला अनधिकृत छिद्र. छेडछाड. वॉरंटी रद्द.’ रोहा तालुक्यातल्या एका गावच्या नळपाणी योजनेवरचा पंपाचा कंट्रोलर बंद पडून कंपनीत परत आला होता आणि त्याच्या तळाला कोणीतरी ड्रिलने भोक पाडलेलं होतं. भोक पाडणारा गावचा वायरमन. ग्रामपंचायतीने नव्या डब्याची किंमत त्याच्या मानधनातून हप्त्याहप्त्याने कापून घेतली. पुढे आमच्याच कंपनीने त्याच डब्याच्या तळाला, जवळजवळ त्याच जागी, स्वतः भोक ठेवलं, त्याला पार्ट नंबर दिला आणि सुधारित मॉडेल म्हणून विकायला काढलं. कापलेले पैसे मात्र त्याला कोणी परत दिले नाहीत.

मी मूळची पेणची. शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं, नोकरी भोसरीच्या एमआयडीसीत. आमचा कंट्रोलर काय करतो ते शेतकऱ्यांना सांगायला नको: एखादी फेज गेली, व्होल्टेज उतरलं, विहिरीतलं पाणी तळाला गेलं तर मोटर जळायच्या आत बंद करतो, आणि लाईट आली की घरबसल्या मोबाईलवरून ती चालू करता येते. माझं काम रिलायबिलिटीचं. क्वालिटीवाले विचारतात, कारखान्याच्या दारातून बाहेर पडताना माल नीट आहे का. आम्ही विचारतो, तिसऱ्या पावसाळ्यात तो नीट असेल का. रोजचं काम बहुतेक वेळा शांतपणे बसून करायचं असतं. चेंबरमधल्या नगांच्या नोंदी ठेवायच्या, परत आलेले डबे उघडायचे, आणि डिझाइनच्या मीटिंगमध्ये ज्या प्रश्नामुळे सगळ्यांचा वेळ जातो तो प्रश्न पुन्हा विचारायचा.

नवीन मॉडेल हातात घेतलं की आधी एफएमईए नावाचा तक्ता भरतात. काय काय बिघडू शकेल याची यादी करायची आणि प्रत्येक ओळीला तीन आकडे द्यायचे. बिघडलं तर नुकसान किती, बिघडण्याची शक्यता किती, आणि माल गिऱ्हाइकाकडे जायच्या आत ते आपल्या लक्षात न येण्याची शक्यता किती. प्रत्येक आकडा 1 ते 10. गुणाकार मोठा आला तर डिझाइन बदलायचं. आमच्या तक्त्यात ‘डब्यात ओलावा शिरणे’ अशी ओळ होती. नुकसान 8. शक्यता 2, कारण डब्यात धूळ-पाणी शिरत नाही असं सांगणारं आयपी-65 चं प्रमाणपत्र डब्याकडे होतं. तिसरा आकडा 3. गुणाकार 48. आमच्याकडे 100 च्या खालच्या ओळींवर चर्चा होत नसे. तक्ता पुढे सरकला.

आकड्यांवर माझा राग नाही, पण ते ज्या तऱ्हेने वापरले जातात त्यावर आहे. 22 नग चाचणीला लावले आणि एकही बिघडला नाही, तर 90 टक्के खात्रीने म्हणता येतं की निदान 90 टक्के नग ती चाचणी पार करतील. गणित बरोबर आहे. पण ते त्या चाचणीपुरतंच बरोबर आहे, आणि नेमका हाच भाग रिपोर्टच्या पहिल्या पानावर येत नाही. माहितीपत्रकात ‘एमटीबीएफ 1 लाख तास’, म्हणजे दोन बिघाडांमधला सरासरी काळ 1 लाख तास, असं छापलं की वाचणारा 1 लाखाला वर्षाच्या 8,760 तासांनी भागतो आणि डबा 11 वर्षं चालणार असं समजतो. बिघाडाचा दर कायम सारखा धरला तर तेवढ्या काळापर्यंत 100 पैकी जेमतेम 37 डबे टिकतील, असा त्या आकड्याचा अर्थ आहे. विकणाऱ्यालाही तो माहीत नसतो.

तर डबे परत येऊ लागले. पेण, रोहा, माणगाव, थोडे श्रीवर्धनकडचे. तक्रार एकच: मोटर आपोआप बंद होते, कधी चालूच होत नाही. आमच्या सर्व्हिसच्या टेबलावर ते जोडले की एकदम व्यवस्थित चालायचे. एसी खोली, स्वच्छ सप्लाय, कोरडी हवा. रिपोर्टवर लिहिलं जायचं, ‘दोष आढळला नाही’. डबा पुसून परत गावाला. तिकडे तो पुन्हा बंद.

‘दोष आढळला नाही’ या शेऱ्याइतका महाग शेरा आमच्या धंद्यात दुसरा नाही. कुरिअरने डबा पुण्याला यायला आणि सर्व्हिसच्या रांगेत उघडला जायला आठवडे जातात. तोपर्यंत तो वाळतो. कार्डावर सोल्डरिंगच्या वेळचा चिकट अंश राहिलेला असतो, त्यावर धूळ आणि खाडीकडच्या हवेतला खार बसलेला असतो. कोरडं असताना हा थर वीज जाऊ देत नाही. दमट झाला की देतो. म्हणजे दोष डब्यात असतोच, फक्त आपण त्याला हजर राहायला लागणारी हवा काढून घेतलेली असते. टेबलावरच्या माणसाने खोटं लिहिलेलं नसतं. पण त्याच्या खऱ्या वाक्याचा गावात अर्थ होतो: तुमचा वायरमन अडाणी आहे.

ऑफिसात पहिली शंका धाटावच्या एमआयडीसीवर घेतली गेली. तिथे केमिकलचे कारखाने आहेत, त्यांच्या वाफेने तांबं खराब होत असेल, म्हणजे आपला काही संबंध नाही. सगळ्यांना हे पटलं, कारण ते सोयीचं होतं. मात्र परत आलेल्यांत पेणच्या खारेपाटातले डबेही होते आणि श्रीवर्धनचेही, तिथे कुठली आली केमिकल एमआयडीसी?

मी बिघाडांचा आलेख काढायला घेतला. स्वीडनच्या वालोडी वायबुल यांनी 1951 साली मांडलेली पद्धत या कामात सगळीकडे वापरतात. बिघडलेल्या नगांची वयं मांडली की एक आकडा निघतो. तो 1 पेक्षा कमी असेल तर बाळपणीचे दोष, 1 पेक्षा जास्त असेल तर झीज, आणि 1 च्या आसपास असेल तर बिघाड वयावर अवलंबून नाहीत, कधीही होतात. आमचा आकडा 1 च्या आसपास आला. ‘रँडम आहे, यात करण्यासारखं काही नाही,’ असा निष्कर्ष निघाला आणि फाइल मिटली. मग मी तेच डबे वयाऐवजी महिन्याप्रमाणे मांडले. डबे वर्षभर वेगवेगळ्या वेळी बसवलेले होते, म्हणून वयाच्या आलेखात काही दिसत नव्हतं. महिन्याच्या आलेखात जून ते सप्टेंबर एवढा उंच ढीग, आणि हिवाळा जवळजवळ मोकळा. पेणमध्ये वाढलेल्या कुणालाही हा आलेख न काढता सांगता आला असता. पण आलेख काढल्याशिवाय मीटिंगमध्ये बोलू देत नाहीत.

रोह्यापासून पुढे सुरू होणारी कोकण रेल्वे पावसाळ्यात वेगळ्या वेळापत्रकाने धावते. गाड्यांचा वेग मुद्दाम कमी ठेवतात, रुळांवरची गस्त वाढवतात. 22 जून 2003 ला वैभववाडीजवळ आणि 16 जून 2004 ला करंजाडीजवळ गाड्या घसरल्या, माणसं गेली. दोन्ही तारखा जूनमधल्या आहेत. एवढी मोठी रेल्वे मान्य करते की जानेवारीतला रूळ आणि जुलैमधला रूळ एक नाही. आमच्या कंट्रोलरच्या माहितीपत्रकात मात्र बाराही महिन्यांना एकच ओळ होती.

ढीग दिसला तरी कारण सापडलं नव्हतं. डबा आयपी-65 चा आहे ना, मग पाणी आत जाणार कुठून, यावर सगळं अडलं होतं. अशात मी भंगारच्या रॅकवरचा तो भोकवाला डबा उघडला. त्याच्या रिपोर्टवर भोकाचा फोटो होता आणि वर दिलेली ओळ. सर्व्हिसने झाकण उघडलेलंच नव्हतं. भोक दिसलं, नियम लागू झाला, काम संपलं.

आत बघितलं आणि मी थक्क झाले. सप्लायच्या तोंडाशी असलेला, व्होल्टेजचा दणका झेलणारा व्हेरिस्टर फुटून काळा झाला होता, म्हणजे लाईट परत येताना आलेल्या दणक्याने डबा गेला होता. त्याचा भोकाशी काडीचाही संबंध नव्हता. आणि बाकीचं कार्ड? दोन पावसाळे उघड्यावर काढलेलं ते कार्ड कारखान्यातून निघाल्यासारखं स्वच्छ होतं. रिलेच्या पायांना पांढरी पूड नाही, स्क्रूंना गंज नाही. शेजारच्या रॅकवर एकही भोक नसलेले, ‘छेडछाड’ न झालेले, प्रमाणपत्राप्रमाणे पूर्ण बंद असलेले डबे होते, आणि त्यांच्या कार्डांवर हिरवे-पांढरे डाग होते. भोक पाडलेला डबा कोरडा आणि बंद डबा ओला. हे उलटं कसं?

मी रोह्याला गेले ते ह्या प्रश्नासाठी. गाव धाटावच्या पुढे, कुंडलिकेच्या काठापासून थोडं आत. वायरमन पन्नाशीच्या पुढचा, बोलायला तयार नव्हता. कंपनीची बाई आली म्हणजे आता आणखी काहीतरी भरायला लावणार, असं त्याला वाटलं असावं. सरपंचांच्या घरी चहा झाला, तिथे तो दारातच उभा राहिला. ‘दादा, भोक पाडल्याबद्दल विचारायला नाही आले, का पाडलं ते शिकायला आलेय,’ असं मी म्हटलं तेव्हा तो म्हणाला, ‘मग विहिरीवर चला. इथे बोलून कळायचं नाही.’

3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात पंपघराचे पत्रे उडाले होते. तेव्हापासून कंट्रोलर लोखंडी स्टँडवर उघड्यावर होता. आमच्या माहितीपत्रकात उघड्यावर चालेल असं लिहिलेलंच होतं, त्यामुळे गावाची चूक काहीच नाही. त्या दिवशी पावसाची उघडीप होती, ऊन चटचटत होतं. त्याने माझा हात धरल्यासारखं करून डब्याच्या झाकणाला लावायला सांगितला. झाकण पोळत होतं. करडा गडद रंग, आत कॉन्टॅक्टरची उष्णता, वर ऊन. मग तो म्हणाला, ‘आता थांबा.’

अर्ध्या-पाऊण तासाने सर आली. रायगडात येते तशी, आधी वारा, मग एकदम भिंत. आम्ही छत्रीत उभे. तो डब्याकडे बोट दाखवत होता. झाकणाच्या वरच्या कडेला, जिथे गॅस्केट बसतं तिथे पाण्याची रेघ साचली होती. ‘ताई, डबा तापला की आतली हवा बाहेर जाते. पाऊस पडला की डबा गार होतो आणि हवा परत मागतो. पण तोंडाशी तर पाणी बसलंय. मग तो पाणीच पितो.’ तो हे अगदी साध्या आवाजात म्हणाला, कारण त्याच्या दृष्टीने त्यात नवल नव्हतं. ‘खाली भोक असलं म्हणजे तो तिथून हवा घेतो. वरचं पाणी ओढायची त्याला गरज पडत नाही. आणि थोडं गेलंच आत, तर खालून गळून जातं.’

त्याच्याकडे असलेल्या पंपांपैकी एकावर त्याने आधी भोक पाडून बघितलं होतं, दुसरा तसाच ठेवला होता. पावसाळ्यात तसाच ठेवलेला गेला, भोकवाला चालत राहिला. मग त्याने उरलेल्यांनाही भोकं पाडली. केबलला खाली झोळ दिला होता, म्हणजे पाणी केबलवरून ग्लँडपर्यंत न येता झोळातूनच गळावं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एक नग तुलनेसाठी तसाच ठेवायचा, निकाल बघून मग बाकीच्यांना लावायचं. चाचणीची आखणी म्हणून आम्हाला पगार देऊन जे शिकवतात ते त्याने विहिरीच्या कठड्यावर केलं होतं. त्याच गोष्टीचं नाव रिपोर्टमध्ये छेडछाड झालं.

भोसरीला परत येऊन हिशेब मांडला. बंद डब्यातली हवा 60 अंशांवरून 30 अंशांवर आली तर तिचा दाब साधारण 9 टक्क्यांनी उतरतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण तेवढी ओढ जवळजवळ 90 सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतकी होते. कडेला साचलेला थेंब गॅस्केटच्या बारीक सुरकुतीतून आत खेचायला ती भरपूर झाली. आणि आत गेलेलं पाणी पुन्हा डबा तापला तरी पूर्ण बाहेर जात नाही, वाफ होऊन झाकणाला लागतं आणि रात्री कार्डावर ठिबकतं. रोज ऊन, रोज सर, रोज एक घोट.

मग आयपी-65 चं प्रमाणपत्र खोटं होतं का? नव्हतं. इथेच मला सर्वांत जास्त वेळ थांबावंसं वाटतं. त्या चाचणीत 6.3 मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला 12.5 लिटर पाणी अडीच-तीन मीटरवरून डब्यावर मारतात, निदान 3 मिनिटं. चाचणी कडक आहे. पण त्याच मानकात आणखी एक अट आहे: पाण्याचं आणि डब्याचं तापमान 5 अंशांपेक्षा जास्त वेगळं नसावं, आणि पाणी त्याहून गार असेल तर डब्याच्या आत-बाहेरचा दाब सारखा राहील अशी सोय करावी. म्हणजे ज्या कारणाने रोह्यात डबे मरत होते, नेमकं तेच कारण चाचणीतून नियमाने बाहेर ठेवलेलं आहे. मानक लिहिणाऱ्यांची बाजूही समजण्यासारखी आहे. सगळीकडच्या प्रयोगशाळांत निकाल सारखा यावा म्हणून त्यांनी तापमान बांधून ठेवलं. ते कुणाला फसवायला निघाले नव्हते. फसलो ते आपण, ज्यांनी प्रमाणपत्र बघून तक्त्यात ‘शक्यता 2’ लिहिलं आणि प्रमाणपत्र नेमकं कशाचं आहे ते वाचलं नाही.

मी नवीन चाचणी बसवली. डबा चालू ठेवून चेंबरमध्ये तापवायचा, तापलेला असतानाच गार पाण्याखाली धरायचा, पुन्हा तापवायचा. आत निळ्या सिलिका जेलची पुडी आणि प्रत्येक फेरीआधी-नंतर डब्याचं वजन. महागडं काही नाही, चांगला तराजू पुरतो. बंद डब्यांची वजनं फेरीगणिक वाढत गेली आणि पुड्या गुलाबी झाल्या. भोकवाल्यांची वजनं जवळजवळ जागेवर राहिली. थोड्याच दिवसांत टेबलावरच, सगळ्यांच्या समोर, बंद डब्याने मोटर बंद केली. आणि या वेळी मी तो वाळायच्या आत उघडला.

यानंतरची मीटिंग मी विसरू शकत नाही. तांत्रिक भाग लगेच मान्य झाला, हे मला सांगायलाच हवं. डिझाइनच्या लोकांनी एका शब्दाने वाद घातला नाही. तळाला जाळीचा प्लग ठेवायचं ठरलं. हवा जाऊ देणारा आणि पाणी अडवणारा पातळ पडदा लावायचा आग्रह मी धरला होता, खरेदी विभागाने किंमत सांगून तो खोडला. हेही ठीक. मग बदलाच्या नोटिशीवर कारणाचा रकाना आला. मी लिहिलं होतं की रोहा तालुक्यातल्या एका पाणीपुरवठा वायरमनने हा उपाय दोन पावसाळे वापरून सिद्ध केला आहे, आणि त्याच्या डब्याचा वॉरंटी दावा चुकीने नाकारला गेला, तो मंजूर व्हावा. अंतिम नोटिशीत ते वाक्य नव्हतं. तिथे होतं: ‘ग्राहकांकडून आलेल्या सूचनांनुसार.’

दावा का मंजूर होत नाही म्हणून मी विचारलं. उत्तर असं, की हा मंजूर केला तर भोक पाडणाऱ्या प्रत्येकाचा दावा मंजूर करावा लागेल. मी म्हटलं, डबा भोकामुळे गेलेला नाही, व्हेरिस्टर फुटलाय, तुमच्याच टेबलावर दाखवते. ते म्हणाले, प्रश्न त्या डब्याचा नाही, पायंड्याचा आहे. मग मी विचारलं, ज्याच्या भोकाला आज आपण पार्ट नंबर देतोय त्याला छेडछाड करणारा म्हणून आपण कागदावर तसंच ठेवणार? यावर कोणी बोललं नाही, पुढचा विषय घेतला गेला. अर्ज, ईमेल, पुन्हा अर्ज. एका डब्याची किंमत कंपनीच्या हिशेबात कुठे दिसतही नाही. त्याच्या घरी ती महिन्याच्या मानधनाहून जास्त होती. आणि पैशांहून वाईट ते गावातलं. पंप बंद पडले त्या दिवसांत बायका भर पावसात हंडे घेऊन जुन्या विहिरीवर जात होत्या. आणि कंपनीचं पत्र पंचायतीच्या फाइलीत होतं: वायरमनने यंत्र बिघडवलं. ते पत्र रद्द करणारं दुसरं पत्र आजपर्यंत गेलेलं नाही.

पेणमध्ये माझ्या आजोळच्या शेजारी गणपतीचा कारखाना आहे. हमरापूर, जोहे या गावांतून तर घरोघरी कारखाने. लहानपणापासून बघते आहे, मूर्ती वाटेत दुखावली की गिऱ्हाईक ती नाकारतं, खंडित मूर्ती कोणी घेत नाही. मग कारखानदार ती परत मागवतो आणि फिरवून फिरवून बघतो: हाताशी गेली, सोंडेशी गेली, की बैठकीशी? पुढच्या वर्षी साच्यात त्या जागी माती वाढते, हात अंगाच्या जवळ येतो, पेंढ्याची गादी बदलते. पळस्पे ते इंदापूर महामार्गाचं रुंदीकरण 2011 ला सुरू होऊन वर्षानुवर्षं रखडलं, त्यातले खड्डे हीच त्यांची कंपनाची चाचणी. टेम्पोवाल्याने ‘वडखळच्या पुढे आवाज आला’ म्हटलं तर ती नोंद धरली जाते. त्याला कोणी विचारत नाही की तू मूर्तीला हात का लावलास. वस्तू घडवणारा आणि वस्तू पोचवणारा यांच्यात फार तर एक अंगण असतं. आमच्या धंद्यात सर्व्हिस, वॉरंटी, विक्री, खरेदी असे इतके दरवाजे मध्ये येतात की वायरमनचं बोलणं डिझाइनच्या टेबलापर्यंत पोचताना त्याचा आरोप होतो.

या क्षेत्रात नव्याने येणारी मुलं मला विचारतात काय शिकू. सांख्यिकी शिका, ती लागतेच. पण परत आलेला नग पहिल्यांदा कुठे आणि कोण उघडतं ते बघा. गावातून निघतानाच तो जाड प्लास्टिकमध्ये सीलबंद करायला सांगा, म्हणजे ओल त्याच्यासोबत येईल. बसवलेल्या जागेचा फोटो मागवा, केबल कुठून आली आहे तो दिसेल असा. ‘दोष आढळला नाही’ लिहिण्याआधी एकदा तरी त्याला वाफेत ठेवून चालवून बघा. आणि ज्या नगाला कोणीतरी काहीतरी केलेलं आहे, तार बांधली आहे, बाटली कापून टोपी घातली आहे, भोक पाडलं आहे, तो आधी उघडा. कोणी उगाच भोक पाडत नाही.

हे लिहिल्यावर उलट बाजूही लिहायला हवी, कारण ती मला छळते. वॉरंटीचा तो नियम मुळात चुकीचा नाही. आत 415 व्होल्ट असतात. कोणीही उठून कुठेही ड्रिल घातलं तर कण कार्डावर पडतील, तार सोलली जाईल, ओल्या स्टँडला कुणाचा तरी हात लागेल. आमच्या वायरमनने सप्लाय काढून, कार्ड बाजूला करून, खालच्या मोकळ्या कोपऱ्यात भोक पाडलं. सगळे तसं करतील याची हमी मी देऊ शकत नाही. उद्या मला कोणी तो नियम काढून टाकायला सांगितलं तर मी सही करणार नाही. तरीही त्याच नियमाने त्याच्यावर जे झालं ते मला अन्यायच वाटतं. दोन्ही एकदम कसं खरं, हे मला नीट मांडता येत नाही.

आणि आमचा जाळीचा प्लगही काही शेवटचा शब्द ठरला नाही. दुसऱ्याच वर्षी कुंभारीण माशीने काही जाळ्या मातीने लिंपून टाकल्या. जाळी बंद म्हणजे डबा बंद, आणि बंद डबा पुन्हा पाणी प्यायला लागला. वायरमनचा फोन आला. त्याचं म्हणणं, जाळी काढून टाका, भोक मोठं करा, माशीला एवढं मोठं भोक लिंपत बसायला परवडायचं नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. मोठ्या भोकातून पाल आत जाते, गरम कॉन्टॅक्टरजवळ जाऊन बसते, आणि दोन फेजांच्या मध्ये आली की पालही जाते आणि मोटरही. अशा जळालेल्या पाली मी डब्यांतून काढलेल्या आहेत. तो म्हणतो, त्याच्या विहिरीवर पाली नाहीत. मी म्हणते, स्टँडवर दिवा लावलात की येतील.

या पावसाळ्यासाठी दोन्ही प्रकारचे डबे त्याच्या विहिरीवर शेजारी शेजारी लावलेत, एक जाळीचा, एक त्याच्या मापाच्या भोकाचा. ते भोक त्याने माझ्या लेखी परवानगीने पाडलं आहे आणि ती परवानगी वॉरंटी विभागाच्या फाइलीत लावून घेतली आहे. वजन करायला एक तराजू पाठवला आहे. दर आठवड्याला तो आकडे कळवतो. माझं मत अजून जाळीच्याच बाजूने आहे, आणि तो ऐकायला तयार नाही.